कड खाल्लेलं नाणं

"उलटं आहे! अहो, हे बघा... हे चक्क उलटं आहे!"

लाँड्रीत माणसं सहसा ओरडत नाहीत. मशिनं घरघरत असतात, ओल्या कपड्यांची ऊब आणि साबणाचा वास भरून राहिलेला असतो, आणि आपापले कपडे गोल काचेआड गरगरताना बघत माणसं बसल्या जागी पेंगतात. त्यामुळे काउंटरमागे चादरींच्या घड्या घालणारी ती दचकली. तिला वाटलं, कुणीतरी सदरा उलटा धुवायला टाकला असेल. पण त्यात एवढं ओरडण्यासारखं काय?

कोपऱ्यातल्या मशीनपुढे एक तरुण उभा होता. किडकिडीत, केस कपाळावर आलेले, आणि एका डोळ्यात काळ्या नळकांड्यासारखं भिंग अडकवलेलं, घड्याळं दुरुस्त करणारे वापरतात तसलं. त्याने टाकलेलं पाचाचं नाणं मशीनने खालच्या वाटीत थुंकलं होतं, आणि आता ते दोन बोटांत धरून तो असा थरथरत होता, की जणू मशीनने नाणं नाही, हिरा दिला होता.

"काय उलटं आहे?" ती जवळ येऊन म्हणाली.

"नाणं! ही बघा आकड्याची बाजू. सरळ आहे ना? आता मी ते उलटवतो... आणि हे जहाज. शिडं खाली, तळ वर! टाकसाळीत ठसा फिरून बसला की असं होतं. लाखात एखादं. मी पुस्तकात वाचलंय."

तिने गल्ल्यातून दुसरं नाणं काढलं, त्याने उलटवलं होतं तसंच वरून खाली उलटवलं आणि मशीनवर ठेवलं. मग आणखी एक. मग आणखी एक.

"हे जहाज बुडालंय," ती म्हणाली. "हेही बुडालंय. हे तर कधीच बुडालंय."

"सगळी?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"सगळी. आमच्या गल्ल्यात अख्खं आरमार बुडालंय." मग तिला त्याची दया आली. "तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं वर-खाली उलटवताय हो. पुस्तकाच्या पानासारखं उलटवा. हे असं... बाजूने. झालं की नाही जहाज सरळ?"

जहाज सरळ झालं होतं. तो मात्र कानांच्या पाळ्यांपासून लाल होत गेला, आणि तो लाल रंग बघता बघता आत पसरला. हा रंग कापडाला आला असता तर मी तो उतरू दिला नसता, असं तिच्या मनात आलं. लाँड्रीतल्या मुलीच्या मनात असलेच विचार येतात.

"मी नवीन आहे," तो पुटपुटला.

"कुठे?"

"या... छंदात."

"सांगितलंत ते बरं झालं. मला वाटलं, जगात."

तो हसला. म्हणजे आधी हसावं की नाही असा विचार केला, आणि मग हसला.

"पण मग मशीनने हे थुंकलं का?"

तिने नाणं हातात घेऊन वास घेतला. "खोकल्याचं औषध सांडलंय याच्यावर. चिकट झालंय. आमच्या मशिनांना चिकट चालत नाही, हलकं चालत नाही, वाकडं चालत नाही. आत्याची मशिनं आहेत, आत्यासारखीच."

"अशी... नाकारलेली नाणी तुम्ही काय करता?"

तिने काउंटरखालच्या साबणाच्या रिकाम्या डब्याकडे बोट दाखवलं. डबा काठोकाठ भरला होता. त्याने त्या डब्याकडे अशा नजरेने पाहिलं, की असं कुणी माणसाकडे बघितलं तर काय होईल, असा एक विचार तिला चाटून गेला. तो तिने लगेच हातातल्या चादरीत घडी घालून टाकला.

त्यानंतर तो येऊ लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग ज्या दिवशी येत नसे त्या दिवशी दुकानात काहीतरी बंद पडलंय असं वाटण्याइतका. हातात नेहमी एक निळा सदरा. सदरा मशीनमध्ये टाकायचा, काउंटरच्या टोकाशी उंच स्टुलावर बसायचं, आणि डब्यातली नाणी एकेक करून भिंगाखाली घ्यायची. जे ठेवून घेईल त्याच्या बदल्यात चांगलं नाणं टाकायचं, असा त्याचा आणि आत्याचा करार झाला होता.

दुकान आत्याचं. डाग आणि माणूस दोन्ही लांबून ओळखणारी ही बाई. तिने पहिल्याच दिवशी चौकशी केली होती.

"करतो काय हा?"

"कवळ्या करतो. गल्लीच्या टोकाला त्याचं काम चालतं. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हा बसून दात बनवतो."

"लोकांचे बनवतो. स्वतःचे आहेत ना सगळे?"

"आहेत की. अगदी सगळे."

"मोजून झाले वाटतं," आत्या म्हणाली आणि इस्त्री तापत ठेवायला आत गेली.

पुढे काही दिवसांनी आत्याने विषय पुन्हा काढला. "भिंगरे, हा कवळीवाला एकच सदरा किती वेळा धुणार आहे?" एका जागी पाय ठरत नाही म्हणून आत्या तिला भिंगरी म्हणायची. अलीकडे काउंटरच्या एका ठराविक टोकाशी भिंगरीचे पाय बऱ्यापैकी ठरू लागले होते, ही गोष्ट आत्याच्या नजरेतून सुटली नव्हती.

"स्वच्छतेची आवड असेल एखाद्याला."

"लोकांचे कपडे धुण्यात जन्म गेला माझा. एवढा स्वच्छ पुरुष अजून जन्माला यायचाय. तो सदरा आला तेव्हा निळा होता गं. आता त्याला निळा म्हणायचं तर आठवून म्हणावं लागतं."

खरं तर नाण्यांबद्दल त्याला फारसं कळत नव्हतं. वाचनालयातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक, आणि त्यातली पहिली तीन-चार प्रकरणं, एवढंच त्याचं भांडवल. पण जेवढं कळत होतं ते तो अशा आनंदाने सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, टाकसाळ याच्या घराच्या मागेच आहे.

"याच्यावर रेघ आहे," ती एखादं नाणं पुढे करून म्हणायची.

"खोल आहे का उठलेली?"

"त्याने काय होतं?"

"बोट फिरवा ना. ठशाला तडा गेला असेल तर दाबताना त्या तड्यात धातू शिरतो. मग नाण्यावर रेघ उठून येते. ती खरी चूक. आणि खोल असेल तर नुसता ओरखडा. कुणाच्या तरी खिशातल्या किल्लीचा."

"ओरखड्याला काही किंमत नाही?"

"नाही. टाकसाळीत झालं तर ती चूक. बाहेर पडल्यावर झालं ते... नुसतं आयुष्य."

असं काहीतरी तो बोलून जायचा, आणि आपण काय बोललो ते त्याच्या गावीही नसायचं. तिच्या मात्र असायचं. मग दुपारी घड्या घालताना ते वाक्य मध्येच आठवायचं, आणि कुणाच्या तरी उशीच्या खोळीत कुणाचा तरी टॉवेल जायचा.

"तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?" एकदा तिने विचारलं.

"कड खाल्लेलं नाणं." त्याने भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वळ उमटला होता. "पत्र्यातून गोल चकत्या कापतात ना, तेव्हा पत्रा नीट पुढे सरकला नाही की नवी चकती आधीच्या भोकावर चढते. मग कडेचा एवढासा तुकडा जातो. बिस्किटाचा चावा घेतल्यासारखा."

"त्यात काय? मी कानशीने घासून आत्ता करून देते."

"द्याल! लोक करतातच. पण ते ओळखू येतं. चावा खरा असेल तर त्याच्या बरोबर समोरची कड पुसट असते. तिथे दाब नीट बसत नाही. दातांचं असतं तसंच... इकडचा एक गेला, की समोरच्याचा आधार जातो." त्याने स्वतःचा जबडा उघडून कुठला दात कुठल्या दाताच्या आधाराने राहतो ते दाखवलं. तिला पहिल्या वेळीच कळलं होतं. तरी तिने पुन्हा दाखवायला सांगितलं.

"आणि ते मिळालं की?"

"मंडळात जायचं." हे सांगताना तो स्टुलावर ताठ बसला. वाचनालयाच्या वरच्या दालनात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी नाणेसंग्राहकांचं मंडळ भरायचं. तिथे सदस्य व्हायचं तर पैसे चालत नसत, वशिला चालत नसे. रोजच्या व्यवहारातून स्वतः शोधलेलं एक खरंखुरं चुकीचं नाणं पुढे ठेवावं लागे. "मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी नेलं ते चपटं नाणं आगगाडीखाली चिरडलेलं निघालं. दुसऱ्या वेळी..."

तो थांबला.

"दुसऱ्या वेळी?"

"ते नाणं नव्हतं."

"मग?"

"वायसर होता. कुठल्याशा नळाचा."

तिने जवळचा टॉवेल उचलून तोंडात कोंबला, तरी हसू टॉवेलमधून बाहेर येत राहिलं.

"अध्यक्षांनी विचारलं, याच्या मधोमध भोक आहे हे आपल्या लक्षात आलं होतं का. मी म्हटलं, हो. तीच तर चूक वाटली."

आता टॉवेल पुरेना. ती काउंटरखाली बसली. तोही हसायला लागला, स्वतःवरच. मशीनची शिट्टी वाजली, सदरा धुऊन झाला, तरी दोघं हसतच होती. आणि मग, त्या हसण्याच्या भरात, तो अतिशय सभ्यपणे म्हणाला, "पण एकदा ते कड खाल्लेलं मिळालं ना, की सुटलात तुम्ही. मग मी अजिबात त्रास द्यायला येणार नाही."

काही माणसांना सभ्यपणा शोभतो. तो कुठे थांबवावा एवढं मात्र त्यांना कळत नाही.

"हो का?" ती म्हणाली आणि उठली. टॉवेलची घडी घातली. तिची आणखी एक घडी घातली. शेवटी तो टॉवेल हातरुमालाएवढा झाला.

आणि सोमवारी सकाळी ते नाणं आलं.

दुकान नुकतंच उघडलं होतं. कुणीतरी घाईघाईने कपडे टाकून, मशीनने थुंकलेलं नाणं वाटीतच सोडून, दुसरं टाकून निघून गेलं होतं. ती वाट्या रिकाम्या करत फिरत होती. बोटाला काहीतरी वेगळं लागलं. तिने हात उघडला... आणि पाचाच्या नाण्याचा कुणीतरी चावा घेतला होता. छोटा, रेखीव, आतल्या बाजूला वळलेला. तिने अंगठा फिरवत समोरच्या कडेवर नेला. इथे कड होती, होती, होती... आणि मग पुसट. जणू तिथे यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तिला भिंगाची गरज पडली नाही. तिला आधी त्याचा चेहरा दिसला, हे नाणं बघून होईल तसा. मग त्याची पाठ दिसली, दारातून बाहेर जाणारी. मग ते रिकामं स्टूल.

लाँड्रीत जोडीदार हरवलेल्या मोज्यांची एक टोपली असते. तिने त्यातला एक करडा मोजा उचलला, नाणं त्याच्या बोटांपर्यंत सारलं, गाठ मारली आणि मोजा टोपलीच्या तळाशी ढकलला.

"आज काही?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"आज काही नाही. एक बटण निघालं." आपल्याला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. "चार भोकांचं. तुमच्या मंडळाला भोकं आवडत असतील तर न्या."

तो हसला, पण अर्धवट. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी हसला. डबा तळाशी येत चालला होता. तो नाणं उचलायचा, भिंगाखाली धरायचा, ठेवून द्यायचा, आणि कधी कधी तेच नाणं पुन्हा उचलायचा. आठवडा गेला, दुसरा निम्मा सरला. आणि एका संध्याकाळी त्याने भिंग काढून खिशात ठेवलं.

"मला वाटतं, हे आपल्याला जमणारं नाही. या रविवारी सभा आहे. तोवर काही मिळालं नाही तर पुस्तक परत करून टाकतो. तुमचा काउंटर किती दिवस अडवून बसायचं?"

ती बघतच राहिली. नाणं दिलं तर हा जाणार. नाही दिलं तरी हा जाणार! मग एवढं खोटं बोलून मिळवलं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ एक करडा मोजा नाचवत आले. "याचा भाऊ तुमच्याकडे राहिलाय बहुतेक." आत्याने टोपलीत हात घातला, तळाशी ढवळलं आणि गाठ मारलेला मोजा वर काढला.

"तो नाही!" भिंगरीने काउंटरवरून जवळजवळ उडीच मारली. "तो माझा आहे!"

"तुझा?" आत्याने मोजा उजेडात धरला. "करडा, पुरुषाचा, टाचेला विरलेला... तुझा?"

आत्याने सावकाश गाठ सोडली. मोजा गृहस्थांना दिला, नाणं हातात ठेवून घेतलं. गृहस्थ जाईपर्यंत ती थांबली. मग नाणं खाली-वर करून पाहिलं. रोज कानांवर पडून पडून तिलाही थोडं कळायला लागलं होतं.

"हेच ना ते?"

"हो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"वेडाबाई. नाणं लपवून माणूस राहतो होय?" आत्या स्टुलावर टेकली, त्याच्याच. "दे त्याला. राहायचा तर राहील. जायचा असेल तर निदान हसत तरी जाईल. पडका चेहरा घेऊन गेलेला माणूस आयुष्यभर डोळ्यांपुढून हलत नाही."

"तुला काय माहीत?"

"मला इस्त्री तापलीय एवढं माहीत आहे," म्हणून आत्या उठली.

द्यायचं ठरल्यावर मात्र तिने हात आखडता घेतला नाही. नाणं होतं मळकट, काळपटलेलं, चाव्याच्या कोपऱ्यात घाण साचलेली. असं कुणाला द्यायचं? लाँड्रीतून काही मळकं बाहेर जातं का? तिने लिंबू आणि मीठ घेतलं. मग दातांचा जुना ब्रश. मग डाग काढायची पूड, कडक डागांसाठी राखून ठेवलेली. शेवटी मऊ फडक्याने घासून घासून नाणं असं लखलखीत केलं, की जहाजाच्या शिडांत तिला स्वतःचं नाक दिसायला लागलं.

"आज निघालं," ती त्याला म्हणाली, आणि नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

तो भिंग लावायचंसुद्धा विसरला. अंगठा चाव्यावरून फिरला, मग समोरच्या कडेवर गेला, आणि तिथेच थांबला.

"किती चमकतंय..." तो म्हणाला.

"आवडलं?"

"असं तर पुस्तकातसुद्धा नाही." मग त्याने मान वर केली. "रविवारी तुम्ही यायला पाहिजे."

"मी कशाला?"

"तुम्ही शोधलंत. नियमच आहे तसा. सदस्य तुम्ही होणार."

"अहो, पण तुम्हाला..."

"ज्याने शोधलं त्याचं," तो म्हणाला. सगळं आनंदाने सोडून देणारा माणूस किती वेडा दिसतो, आणि किती चांगला, हे ती बघत राहिली.

वाचनालयाच्या वरच्या दालनात लांब टेबलाभोवती बरीच वयस्कर मंडळी बसली होती. प्रत्येकापुढे भिंग, प्रत्येकापुढे मखमली तबक, आणि शांतता अशी, की कुणी नाणं खाली ठेवलं तरी मान वळावी. टोकाला अध्यक्ष होते. उंच, कोरडे, हातांत पांढरे सुती मोजे, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा.

"आपण पुन्हा?" ते त्याला म्हणाले. "आज काय आणलंत? नट का बोल्ट?"

"आज मी नाही. यांनी आणलंय."

तिने नाणं पुढे केलं. अध्यक्षांनी ते लहानशा तराजूत तोललं. चावा पाहिला. समोरची कड पाहिली. चष्मे बदलून पुन्हा पाहिलं.

"चूक खरी आहे," ते म्हणाले. दालनात कुजबुज झाली. "शंभर टक्के खरी. अतिशय सुंदर..." आणि एकदम त्यांचा आवाज चिरकला. "हे काय? हे कुणी घासलंय?"

मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा "अरेरे" म्हणाले.

पण तिने तोंड उघडण्याआधीच शेजारून आवाज आला, "मी. मी घासलं."

"आपण?" अध्यक्ष उभे राहिले. "अहो, नाण्यावरची झाक यायला वर्षानुवर्षं लागतात! ती गेली की नाणं संपलं! आता याला संग्रहात कोण विचारणार? संग्राहकाने नाणं कधी, कधीही, कधीही घासायचं नसतं! पुस्तकात ठळक अक्षरांत छापलंय!"

"कुठल्या प्रकरणात?"

"शेवटच्या!"

"मी अजून चौथ्यात आहे."

"इतक्या महिन्यांत चौथं?"

"वेळच मिळत नाही," तो म्हणाला. "कपडे धुवायचे असतात."

"खोटं बोलतायत हे," ती म्हणाली. "मी घासलं."

"नाही हो, मीच."

"तुम्ही? डाग काढायची पूड कुठली वापरतात ते तरी माहीत आहे का?"

"माहीत आहे. ती... पांढरी."

"सगळ्याच पांढऱ्या असतात!"

"थांबा!" अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला, सुती मोज्यामुळे आवाज झाला नाही. "नाणं कधी मिळालं, एवढं तरी नीट सांगा."

"परवा," तो म्हणाला.

आता गप्प राहिलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. पण शेजारी एक माणूस तिची चूक अंगावर घेऊन उभा होता, आणि त्याच्या शेजारी उभं राहून आणखी एक खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"परवा नाही," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. मी लपवून ठेवलं होतं. मोज्यात."

"सुती की लोकरी?" मागच्या आजोबांनी काळजीने विचारलं. "लोकरीने धातू काळवंडतो."

पण तो तिच्याकडे बघत होता. "लपवलंत? का?"

"कारण ते मिळालं की तुम्ही येणार नव्हतात."

दालनातली सगळी भिंगं एकाच वेळी तिच्याकडे वळली.

"कोण म्हणालं, येणार नव्हतो?"

"तुम्हीच! म्हणे सुटलात, म्हणे त्रास द्यायला येणार नाही!"

"अहो, ते मी नम्रपणे म्हटलं होतं!"

"मग त्या नम्रपणाला घाला चुलीत!"

"हा विषय आजच्या सभेपुढे नाही," अध्यक्ष म्हणाले.

"असू द्या हो," आजोबा म्हणाले. "किती वर्षांनी या सभेत काहीतरी घडतंय. बोला बाळ, तुम्ही बोला."

त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. तिला वाटलं, आता हा पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणाबद्दल काहीतरी सांगेल.

"डोळ्याला भिंग लावलं ना," शेवटी तो म्हणाला, "की लोकांना वाटतं, माणूस नाण्याकडे बघतोय. दुसरा डोळा कुठे आहे ते कुणी विचारत नाही."

ती बघत राहिली.

"तुमच्या डब्यातलं एकही नाणं मी धड पाहिलेलं नाही. त्यात सोन्याची मोहोर असती तरी माझ्या हातून सुटली असती. मंडळ, सदस्यत्व... ते सुरुवातीला होतं. नंतर मला एवढीच भीती होती, की डबा संपला तर मी तिथे बसायचं कशासाठी? म्हणून मी तीच ती नाणी..."

"पुन्हा पुन्हा उचलायचात," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला ओळखू येत नाहीत."

"तेही खरंच आहे," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

आजोबांनी टाळी वाजवली. मग दुसऱ्या कुणी, मग तिसऱ्या कुणी. अध्यक्षांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर घेतला. दोघांनाही आता तिथे क्षणभरही उभं राहवेना. शाळेतून पळ काढावा तसे ते जिन्याकडे निघाले, एकमेकांना वाट देत, एकमेकांवर आदळत, आणि जिन्याच्या वळणावर कुणाचा हात कुणी धरला ते दोघांनाही नक्की सांगता आलं नसतं.

रस्त्यावर रविवारचं मोकळं, पिवळं ऊन पडलं होतं. दुकानं बंद होती. दोघं वाचनालयाच्या भिंतीकडेने सावकाश चालू लागली. हात सोडायचं कुणालाच आठवलं नाही.

"आत्याला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"तिला काही सांगावं लागत नाही. फक्त एक करा. यापुढे येताना तो सदरा आणू नका. त्याच्यात आता धुण्यासारखं काही उरलेलं नाही."

"मग काय आणू?"

"काही नको. नुसते या."

तो थांबला. मग म्हणाला, "नुसता येतो," आणि हे दोन शब्द त्याने असे म्हटले, की तिला रस्त्यापलीकडच्या बंद दुकानाच्या पाटीकडे बघावं लागलं.

तेवढ्यात मागे वर खिडकी धाडकन उघडली. अध्यक्ष कमरेपर्यंत बाहेर वाकले होते. त्यांच्या पांढऱ्या बोटांत काहीतरी उन्हात लखलखत होतं.

"अहो! थांबा! तुमचं नाणं राहिलं की इथे!"

तो वळला. वर बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि अगदी मनापासून विचारात पडून म्हणाला,

"कुठलं नाणं?"